अंगठेबहाद्दर

बेलीझमध्ये रस्त्याच्या कडेला हात वर केला की बस थांबते. थांबा असो नसो, चढ असो, वळण असो. हात दिसला की ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो, दारात लोंबकळणारा कंडक्टर खाली उडी मारतो आणि तुमची पिशवी तुमच्याआधी आत जाऊन बसलेली असते. गाड्या अमेरिकेतल्या शाळांनी वापरून मोडीत काढलेल्या. बाकं शाळकरी पोरांच्या मापाची, त्यामुळे अख्खा देश गुडघे हनुवटीला लावून प्रवास करतो. पण करतो हसतखेळत, आणि स्वस्तात. बेलीझ सिटीपासून थेट ग्वाटेमालाच्या हद्दीपर्यंत पाचएक अमेरिकन डॉलर.

आपल्याला ही सोय वाटेल. अंगठेबहाद्दराला हे संकट वाटतं.

कारण अंगठेबहाद्दर बसने जात नाही. त्याचं तत्त्व आहे. आपण अंगठा वर करायचा, येणाऱ्याजाणाऱ्या खासगी गाडीने आपणहून थांबायचं आणि आपल्याला फुकटात पुढे न्यायचं, असा त्याने जगाशी करार केलेला असतो. जगाने त्यावर सही केलेली नसते, एवढंच. बाकीच्या देशांत हा करार बराचसा चालून जातो. बेलीझमध्ये अडचण अशी की हात आणि अंगठा यांतला फरक बसच्या ड्रायव्हरला कळत नाही. अंगठा वर झाला की बसच थांबते. हा मान हलवतो. कंडक्टरला वाटतं, पैसे नसतील बिचाऱ्याकडे. तो म्हणतो, चढ तर खरा, बघू पुढे. हा पुन्हा मान हलवतो. आतले सगळे खिडक्यांतून माना काढून बघायला लागतात. एखादी आजी आतूनच विचारते, त्याला बरं वाटत नाहीये का? शेवटी बस काळ्या धुराचा भपकारा सोडून निघून जाते, आणि मागे तत्त्व उभं राहतं, खोकत.

ही जात कुठल्या एका देशाची नाही. जर्मनीत आहे, इस्रायलमध्ये आहे, कॅनडात आहे आणि अलीकडे पुण्यातही आढळते. वय तिशीपासून पन्नाशीपर्यंत काहीही असू शकतं, दाढीमुळे नक्की सांगता येत नाही. पायात पट्ट्यांच्या चपला, पाठीवर स्वतःपेक्षा उंच बॅग, बॅगेवर पाहिलेल्या देशांचे झेंडे शिवलेले. ओळख करून घेताना तो नाव विचारत नाही. तुमच्या हातात जे काही असेल त्याकडे, म्हणजे पाण्याच्या बाटलीकडे, केळ्याकडे, छत्रीकडे बोट दाखवून विचारतो, ‘याला किती पडले?’ तुम्ही आकडा सांगता. तो डोळे मिटून हसतो. त्याला ते कुठेतरी फुकट मिळालेलं असतं.

आमच्या वाट्याला आलेला नमुना युरोपातला होता. आमच्या म्हणजे माझ्या आणि ताईच्या. आम्ही भाचीकडे ह्यूस्टनला आलो होतो. मला माया लोकांचे पिरॅमिड बघायची हौस, आणि मी एकटी कुठे जाऊ नये ही ताईची. म्हणून मेक्सिकोतलं चेतुमाल, तिथून बेलीझ पार करून ग्वाटेमालातलं तिकाल, असा बेत ठरला. बेलीझ पार करणं ही काही मोठी मोहीम नव्हे. देश जेमतेम २३,००० चौरस किलोमीटरचा, वस्ती चार लाखांच्या आसपास. पुणे आणि नाशिक हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यात बेलीझ मावून वर जागा उरेल. मुख्य महामार्ग चार. आमचा रस्ता, या हद्दीपासून त्या हद्दीपर्यंत, अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर.

रिओ होन्दो नदी ओलांडली की मेक्सिको संपतो, पण बेलीझ लगेच सुरू होत नाही. मध्ये करमुक्त बाजार लागतो. कॅसिनो, अत्तरं, बूट, दारू, ब्लँकेटं, आणि एखाद्या गल्ल्यावर चक्क आपले सिंधी शेठ. त्याच्या पलीकडे सान्ता एलेनाचं ठाणं. तिथल्या रांगेत तो आमच्या पुढे होता. अधिकाऱ्याने त्याचा पासपोर्ट चाळून कोरी जागा शोधली, शिक्का मारला, संपलं. आमचे पासपोर्ट त्याने आधी समोरून पाहिले, मग मागून, मग उजेडाकडे धरून. ताई याच क्षणासाठी जन्माला आली होती. तिने प्लास्टिकची फाइल उघडली. अमेरिकेचा व्हिसा, हॉटेलचं आरक्षण, परतीचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचा कागद, मुलीचं पत्र, जावयाचं पत्र, जावयाच्या पगाराची स्लिप. अधिकारी एकेक कागद बघत गेला आणि हळूहळू थकत गेला. पगाराच्या स्लिपेला त्याने हात जोडले.

अंगठेबहाद्दर बाजूला उभा राहून हे सगळं बघत होता. बाहेर आल्यावर आम्हाला म्हणाला, ‘तुम्ही लोक फार कागद बाळगता. रस्त्यावर विश्वास टाकायला शिका.’

ताई मला मराठीत म्हणाली, ‘त्याला म्हणावं, तुझा पासपोर्ट आम्हाला दे नि आमचा तू घे. मग बघू कोण कुठे विश्वास टाकतंय ते.’

मी ते भाषांतरून सांगितलं नाही. माझ्या मते त्याच्याबद्दल सांगण्यासारखं निम्मं त्यातच आलं होतं.

लिफ्ट मागणं हे शास्त्र आहे, हे त्याने आम्हाला बसची वाट बघता बघता समजावून दिलं. अंगठा खांद्याच्या रेषेत हवा. काळा चष्मा काढलेला हवा, डोळे दिसले पाहिजेत. हसू हवं, पण दात कमी. जागा निवडायची ती गतिरोधकाच्या पुढे दहा पावलं, आणि बेलीझमध्ये ती सोय दर गावाच्या वेशीवर आहे; तिथे गतिरोधकांना झोपलेले पोलीस म्हणतात. गाडी हळू होते, ड्रायव्हरला आपला चेहरा दिसतो, त्याच्या मनात माणुसकी जागी होते. हे सगळं झाल्यावर त्याने पुठ्ठ्याची पाटी काढली. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: दक्षिण. सान्ता एलेनाहून निघणारा रस्ता दक्षिणेलाच जातो. उत्तरेला मेक्सिको, तो आत्ताच पाठीमागे टाकलेला. म्हणजे पाटी नसती तरी तो कुठे निघालाय याबद्दल कोणाचा गैरसमज होण्यासारखा नव्हता. पण पाटीने माणूस व्यवस्थित दिसतो असं त्याचं म्हणणं.

आमची बस आली, आम्ही चढलो. बस त्याच्यासाठीही थांबली, अर्थातच. पुढचं वर सांगितलंच आहे.

आता गंमत अशी की बेलीझमध्ये लिफ्ट कोण मागत नाही? सगळेच मागतात. नर्स मागते, मास्तर मागतात, गणवेशातला शिपाई मागतो, बाजाराला निघालेली बाई पोत्यासकट मागते. गावाकडच्या रस्त्याला बस कमी, पिकअप भरपूर, आणि पिकअपचा मागचा हौदा, ज्याला ते लोक पॅन म्हणतात, रिकामा न्यायचा ही तिथे कोणालाच बरी गोष्ट वाटत नाही. पण ही मंडळी अंगठ्याचं शास्त्र जाणत नाहीत. ती थांब्यावरच्या पत्र्याच्या सावलीत उभी राहतात आणि आधी काय येईल त्यात बसतात. बस आली तर बस, पिकअप आला तर पिकअप. पोचण्याशी मतलब. आमचा तत्त्ववेत्ता थांब्यावर उभा राहत नाही, कारण थांबा बसचा. तो शंभर पावलं पुढे, उन्हात, झोपलेल्या पोलिसाच्या उशाशी. येणारा पिकअप आधी थांब्यावर थांबतो, भरतो, आणि मग भरलेला याच्यासमोरून जातो. हे गणित एखाद्या शेंबड्या पोरालाही सुटेल. पण पोराला तत्त्व नसतं.

कोरोझालच्या पुढे कलकत्ता नावाचं गाव लागतं. खरोखरच. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला आणलेल्या हिंदुस्थानी लोकांचे वंशज त्या भागात आहेत. बोलणं क्रिओल आणि स्पॅनिश, चेहरे मात्र आपल्या एसटीतले. पाटी दिसताच ताईने बस थांबवली. हात वर केला की थांबते हे तिने तोवर हेरलं होतं, आतून केला तरी थांबते हा शोध तिचा स्वतःचा. तिथे थांब्यावर एका बाईशी तिचं जे जमलं ते विचारू नका. बाई म्हणाली, आम्ही तकारी करतो, कोंबडीची. ताईने घटक विचारले. जिरं, लसूण, आणि पिवळं आलं. पिवळं आलं म्हणजे काय यावर दोघींचा बराच खल झाला, शेवटी बाईने पिशवीतून काढून दाखवलं. हळकुंड. ताईने ते हुंगलं, नखाने खरवडलं, आणि शेरा दिला, ‘सांगलीची सर नाही.’

एवढ्यात पिकअप आला. बाईने ताईचा हात धरून तिला वर ओढलं, ताईने माझा, आणि आम्ही पॅनमध्ये. ताईने सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. तिला ही शाळेपासूनची सवय, पण बेलीझमध्ये हेच खरं तिकीट आहे. बसमध्ये चढा, दुकानात शिरा, पॅनमध्ये बसा. आधी नमस्कारचमत्कार, मग काम. आतून सात-आठ ‘गुड मॉर्निंग’ परत आले आणि एक उलटी बादली ताईच्या बसण्यासाठी पुढे सरकली.

शंभर पावलांवर तो उभा होता. पाटी, हसू, दात कमी. गतिरोधकावर गाडी हळू झाली तेव्हा बादलीवर बसलेल्या ताईची आणि त्याची नजरानजर झाली. ताईने हात हलवला. त्याच्या मनात तेव्हा काय आलं असेल ते मला सांगता येणार नाही, पण पाटी थोडी खाली आली.

उतरताना ताईने ड्रायव्हरला किती द्यायचे विचारलं. तो नको म्हणाला. शेजारी त्याचं पोरगं बसलं होतं, त्याच्या मुठीत ताईने दोन डॉलर कोंबले, खाऊला म्हणून. अंगठेबहाद्दर असं कधी विचारत नाही. विचारलं आणि समोरचा हो म्हणाला तर? मग ती लिफ्ट राहत नाही, तिची टॅक्सी होते, आणि वहीतला एक आकडा खोडावा लागतो.

वहीचं सांगायचं राहिलं. ऑरेंज वॉकला संध्याकाळी टाकोच्या गाड्यावर तो पुन्हा भेटला तेव्हा ती पाहिली. प्रत्येक पानावर दोन रकाने. एकात लिफ्टचं अंतर, दुसऱ्यात वाचलेलं भाडं. खर्चाचा रकाना नव्हता. बॅगेला इनॅमलचा एक निळा मग लटकवलेला होता, तो पुढे करून त्याने गाडेवाल्याकडून कॉफी घेतली. स्वतःचा मग असल्यामुळे कॉफी स्वस्त पडायला हवी, असं त्याचं म्हणणं होतं. गाडेवाल्याचं तसं म्हणणं नव्हतं.

दिवस कसा गेला, विचारलं. चेहरा पडला. कोरोझालपासून काही तास कोणी थांबलं नाही, मग एक मोठा ट्रक थांबला. ड्रायव्हर दिलदार. याने सामान वर टाकलं, पुढे बसला, आणि बोलीव्हियातल्या मिठाच्या वाळवंटाची गोष्ट सुरू केली. ऑरेंज वॉक गाव गेलं, हा खूश, की आता थेट बेलीझ सिटी. आणि गावाच्या थोडं पुढे टॉवर हिलला ट्रक वळला आणि एका रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे ट्रकच ट्रक, मागे ट्रकच ट्रक. ड्रायव्हरने टोपी तोंडावर ओढली आणि झोपला.

‘ट्रकमध्ये काय होतं?’ मी विचारलं.

‘ऊस,’ तो म्हणाला.

हे मी ताईला सांगितलं. ताई खाता खाता थांबली. आमच्या दाजींची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. हंगामात घरी जेवायला यायचे ते रात्री बाराला, आणि अंगाला मळीचा वास. बेलीझच्या उत्तरेकडचा ऊस डिसेंबरपासून पुढे टॉवर हिलच्या कारखान्यात गाळायला जातो, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. येताना बसमधून तिने फड पाहिले होते, तोड चालू होती, बास.

‘उसाच्या गाडीत बसला मेला?’ ती म्हणाली. ‘उसाची गाडी कारखान्यातच जाणार ना! आणि काट्यावर नंबर लागेस्तोवर हलते होय ती? जगभर हिंडलाय म्हणतो ना हा?’

हे मात्र मी भाषांतरून सांगितलं. तो म्हणाला, हा अनुभव पैशाने विकत मिळत नाही. ते खरंच होतं. पैसे देऊन कोण घेईल?

इथे माझं एक मत सांगून टाकते. लिफ्ट फुकट नसते. ती देणारा माणूस आपलं भाडं ऐकवण्यात वसूल करतो. एकट्याने तासन्‌तास गाडी हाकणाऱ्याला शेजारी कान हवा असतो. त्याच्या बायकोचं बाळंतपण, सासऱ्याची जमीन, संत्र्याचा पडलेला भाव, पोराचं इंग्रजी. सीटवर बसायचं आणि हूं हूं करायचं, एवढंच देणं. आमच्या बहाद्दराला ते फेडताच येत नव्हतं. ड्रायव्हर आपलं गाव दाखवायला लागला की याला पेरूतलं गाव आठवायचं. तो चार-पाच खंड घेऊन प्रत्येक गाडीत चढायचा, आणि बिचाऱ्या ड्रायव्हरकडे असायचा एक जिल्हा.

याला पुरून उरला तो मेनोनाइट. मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ; हे लोक १९५८ साली मेक्सिकोतून इथे आले. शेती, दूध, कोंबड्या यांत पक्के. त्यांच्या जुन्या वळणाच्या वस्त्यांत अजून घोडागाडी चालते, ट्रॅक्टरला रबरी टायर चालत नाहीत, लोखंडी चाकं लागतात. नव्या वळणाच्या वस्त्यांत, स्पॅनिश लुकआउटसारख्या, पिकअप चालतात. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, डोक्यावर हॅट, आणि बोलणं अगदीच गरजेपुरतं. दुसऱ्या दिवशी असा एक याला मिळाला. याने आफ्रिका सांगितली, तो गप्प. याने हिमालय सांगितला, तो गप्प. याने विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्याने विचार करून उत्तर दिलं, ‘पाऊस येईल.’

उत्तरेचा महामार्ग फिलिप गोल्डसन यांच्या नावाचा, पश्चिमेचा जॉर्ज प्राइस यांच्या. हे दोघे आधी एका पक्षात होते, पुढे एकमेकांचे कट्टर विरोधक. त्यांचे रस्ते मिळतात ते बेलीझ सिटीत. पण शहराची गर्दी टाळायची तर अलीकडेच बरेल बूमवरून एक आडरस्ता परस्पर हॅटीव्हिलला निघतो. मेनोनाइट त्याच रस्त्याने गेला. अर्ध्या वाटेपलीकडे त्याला एका ठिकाणी माल उतरवायचा होता, तिथून तो परत फिरणार होता. त्याने गाडी थांबवली, हॅटला हात लावला, याने उतरून पाटी काढली. आता पाटीवर ‘पश्चिम’. दाढी वाढलेली, कपडे तीन दिवसांचे, पाठीवर सगळा संसार, आणि चेहऱ्यावर कमी दातांचं हसू. गाड्या जवळ येताना हळू व्हायच्या आणि चेहरा दिसला की जोरात जायच्या. बऱ्याच वेळाने त्याने मागे वळून पाहिलं. मागे देशाचा मध्यवर्ती तुरुंग होता.

तिथून तो चालत हमरस्त्याला आला. हॅटीव्हिल हे १९६१ च्या हॅटी वादळात घरं गेलेल्यांसाठी वसवलेलं गाव. तिथल्या तिठ्यावर आमच्या बसने त्याला गाठलं. बस थांबली. कंडक्टर उतरला. याने मान हलवली. मी खिडकीतून ओरडले, अहो या की! त्याने छातीवर हात ठेवून नम्रपणे नकार दिला. बस निघाली तेव्हा एका आजींनी मला विचारलं, तुमचा आहे का हा? मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नसावा, कारण त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

बेलीझच्या रस्त्यांवर पत्ते मैलांत सांगतात. अमुक घर मैल अठ्ठेचाळीसला, तमुक शाळा मैल सदतीसला. त्या दिवशी हा मैल एकोणतिसाला बराच वेळ होता असं नंतर कळलं. मैल एकोणतिसाला प्राणिसंग्रहालय आहे, फार छान, हाताने रंगवलेल्या पाट्यांवर प्राणीच यमक जुळवून आपली माहिती सांगतात. शाळेची एक सहल बाहेर पडत होती. पोरांनी आत जग्वार पाहिला होता, टेपिर पाहिला होता. बाहेर पाटी घेऊन उभा असलेला हा पाहिल्यावर त्यांनी बाईंना काहीतरी विचारलं, आणि बाईंनी पाटी वाचून दाखवली.

सान इग्नासियोच्या पुढे, सान होझे सुकोत्झला, मोपान नदीवर एक तराफा होता. हाताने चाक फिरवून तारेवरून पलीकडे नेणारा. पलीकडे शुनानतुनिचचे माया अवशेष. हा तराफा फुकट. अंगठेबहाद्दराला अख्ख्या बेलीझमध्ये मनापासून पसंत पडलेलं हे एकमेव वाहन, त्याने त्यावरून चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला तराफेवाल्याने चाकाची दांडी त्याच्या हातात दिली आणि स्वतः कठड्यावर बसून संत्रं सोलायला घेतलं. आम्ही पलीकडून अवशेष बघून परतलो तेव्हा घामाने थबथबलेल्या अवस्थेत त्यानेच आम्हाला अलीकडे आणलं. ताईने त्याला विचारलं, ‘किती द्यायचे?’ तराफेवाला संत्र्यासकट हसला. तो हसला नाही.

आणि मग बेन्के व्हिएहो. हद्द. पलीकडे ग्वाटेमालातलं मेल्चोर दे मेंकोस. नोटांची जाडजूड गड्डी हातात धरलेले चलन बदलून देणारे, गरम टॉर्टियांचा वास, कुत्री, ट्रक. आणि अलीकडे बेलीझचा काउंटर, जिथे पायी देश सोडणाऱ्या परदेशी माणसाला चाळीस बेलीझ डॉलर मोजावे लागतात. म्हणजे वीस अमेरिकन, तिथे दोनास एक हा दर ठरलेलाच आहे. त्यातला काही भाग संरक्षित जंगलांच्या निधीला जातो. आम्ही भरले. पावती घेतली, ताईने ती फाइलमध्ये लावली.

तो अडला. अख्खा देश वहीप्रमाणे शून्यात झाला होता, आणि आता बाहेर पडायचे चाळीस! आत यायला पैसे नाहीत, राहायला नाहीत, जायला कसे? पण तो तयारीने आला होता. रात्री त्याने इतिहास वाचला होता.

इतिहास खरोखर वाचण्यासारखा आहे. १८५९ साली ब्रिटन आणि ग्वाटेमाला यांच्यात तह होऊन या मुलखाच्या हद्दी ठरल्या. त्याच तहाच्या सातव्या कलमात ग्वाटेमालाच्या राजधानीपासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत जाण्यायेण्याची सोय, गाडीरस्ता वगैरे, दोघांनी मिळून करायची असं लिहिलं होतं. तो रस्ता झालाच नाही. ग्वाटेमालाने पुढे भूमिका घेतली की रस्ता नाही तर तहही नाही, आणि तह नाही तर हद्दही नाही. १९८१ साली बेलीझ स्वतंत्र झाला. १९९१ साली ग्वाटेमालाने त्याला देश म्हणून मान्यता दिली, हद्दीचं भांडण तसंच ठेवलं. २०१८ साली ग्वाटेमालात आणि २०१९ साली बेलीझमध्ये सार्वमत झालं, आणि वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तो मिटेपर्यंत या जागेला सरकारी कागदांत सीमा म्हणत नाहीत, लगतची रेषा म्हणतात.

‘साहेब,’ अंगठेबहाद्दर काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, ‘ग्वाटेमालाच्या म्हणण्याप्रमाणे ही सीमाच नाही. बरोबर?’

‘असं ते म्हणतात,’ अधिकारी म्हणाला.

‘कागदोपत्री ही नुसती लगतची रेषा आहे.’

‘हो, सर.’

‘मग सीमा ओलांडण्याचे पैसे कसले?’

मला कबूल केलं पाहिजे, मुद्दा बिनतोड होता. रांगेतले लोक पुढे सरकले. अधिकाऱ्याने पासपोर्ट मिटला, त्यावर दोन्ही हात ठेवले, आणि अत्यंत आदराने म्हणाला, ‘सर, प्रकरण हेगच्या न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत चाळीस डॉलर.’

यानंतर जे झालं त्याला वाद म्हणता येणार नाही, कारण बोलत एकटाच होता. विद्यार्थ्यांना सवलत आहे का? मी आयुष्यभराचा विद्यार्थी आहे. जंगलाच्या निधीपुरतेच घ्या. पत्ता द्या, मनीऑर्डर करतो. अधिकारी ऐकत होता. दिवसभर ऐकायला तो मोकळाच होता, त्याचा पगारच त्याचा होता. रांग मात्र मोकळी नव्हती. मागे एक बाई कडेवर झोपलेलं पोर घेऊन उभी होती, आणि पोर जड होतं हे तिच्या खांद्यावरून दिसत होतं. ताई परत मागे गेली, पर्समधून वीसच्या दोन बेलीझी नोटा काढल्या आणि काउंटरवर आपटल्या.

‘मार शिक्का,’ ती मराठीत म्हणाली. अधिकाऱ्याने मारला.

अंगठेबहाद्दराने तिचे आभार मानले. लाजला वगैरे नाही, त्याच्या दृष्टीने यात काही विशेष घडलं नव्हतं. एक वाहन थांबलं होतं. तिथल्या तिथे त्याने वही काढली आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं: बेन्के, बचत ४०.

पूल ओलांडून आम्ही मेल्चोरला आलो. तिकालसाठी मुक्काम करायचा होता त्या फ्लोरेसकडे जाणारी व्हॅन भरत होती. ड्रायव्हर तीनच्या सीटवर पाच बसवण्याच्या विद्येत आपल्या वडापवाल्यांच्या तोडीस तोड. हा मागून आलाच. आता व्हॅनमध्ये बसतो की काय असं मला क्षणभर वाटलं. पण नाही. त्याने आमच्यासमोर आपली बॅग ठेवली.

‘तुम्ही फ्लोरेसलाच ना? ही घेऊन जा. रिकाम्या हाताच्या माणसाला लिफ्ट लवकर मिळते, हा माझा अनुभव आहे. संध्याकाळी घेतो तुमच्याकडून.’

आणि अंगठा पुढे करून चालू लागला. चालताना हलका दिसत होता.

छतावर जागा नव्हती. ड्रायव्हरने बॅग उचलून पाहिली, हुंकार दिला, आणि ताईच्या शेजारच्या सीटवर तिला बसवलं. मग हात पुढे करून तीन बोटं दाखवली. मी म्हटलं, आम्ही दोघी. त्याने बॅगेकडे बोट केलं. ताईने मुकाट्याने तिघांचे पैसे दिले. मग वाकून बॅगेचा निळा मग सोडवला, पदराने पुसला आणि आपल्या पिशवीत टाकला.

‘वसुली,’ म्हणाली.